डोंगराच्या अलीकडची हवा

जांभळटेप, मेढ्याच्या वर
१६ जून

संयोगिता,

नावाआधी एक शब्द लिहायची माझी सवय होती. त्या शब्दाला तू बंदी घातलीस, म्हणून नुसतं नाव. ते असो, नाहीतर हे पत्र तू अर्ध्यात बाजूला ठेवशील.

मी पोचलो. फलटणला घरी राहिलो असतो तर आबांनी मला उसाच्या सरीत उभा गाडला असता. सैन्यात जन्म काढलेला माणूस. पोरानं कॉलेज सोडलं म्हणजे त्यांच्या लेखी पोरगं पलटण सोडून पळालं. "सरांच्या चित्रावर रंगाचं पाणी ओतलंस? उद्या बापाच्या डोक्यावर ओतशील," म्हणाले. मी मोबाइल त्यांच्या पुढ्यात आपटला आणि एसटी धरली. त्यामुळे फोन नाही. असता तरी इथं रेंजसाठी खिंडीपर्यंत चढावं लागतं. तूच म्हणालीस ना, फोनवर तू भांडतोस, पत्र लिही, पत्रात माणसाला आपलंच वाक्य परत वाचावं लागतं. घे. परत वाचतोय. अजून तरी भांडलेलो नाही.

साळूआत्याकडे राहतो. आबांची धाकटी बहीण. तिचे यजमान हंबीरमामा, तेही हवालदार होऊन आलेले, पण आबांसारखे गरजत नाहीत. दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन म्हशीशी. वाडी ओढ्याच्या दोन्ही अंगांना आहे. अलीकडे शाळा, देऊळ आणि बरीचशी घरं. साकवावरून पलीकडे गेलं की डोंगराच्या पायाशी सात घरांची वरली आळी. त्यात आत्याचं घर शेवटचं.

तू दिलेला अभ्यास सुरू केलाय. जागा एकच, बैठक एकच, कागद पोस्टकार्डाएवढा, आणि रंगवायची फक्त हवा. शाळेच्या ओसरीच्या डाव्या कोपऱ्यात बसतो. बैठक हलू नये म्हणून खडूनं माझ्याभोवती रेघ मारून घेतलीय. समोर खाली सात घरांची कौलं दिसतात. त्यांच्यावर नाचणीच्या पट्ट्या. त्यांच्यावर ओळीनं हिरड्याची पाच झाडं. आणि त्या झाडांच्या शेंड्यांना चिकटून, पार पलीकडच्या डोंगराची निळी कड. ही चिकटलेली कड माझा जीव खाते. झाडं आणि ती कड यांच्यामध्ये अख्खं खोरं आहे, पण कागदावर दोन्ही एकमेकांच्या उरावर बसतात. हवा शिरायला जागाच नाही. तीन चित्रं पाठवतोय. एकही माझ्याकडे ठेवत नाही, सगळी तुझी.

झाडं मात्र सरळ आलीत. सर वर्गात म्हणायचे ना, "तुझी झाडं पिऊन उभी राहतात," आणि सगळे हसायचे? आता दोऱ्याला दगड बांधून ओळंबा केलाय. तो डोळ्यापुढं धरतो आणि मगच खोड ओढतो. एकही झाड पिलेलं नाही. सरांना सांग. नको, सांगू नकोस. विश्वजितला तर नकोच, वर्गात सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा.

वीर

*

मिरज
२३ जून

वीर,

हे मी दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितेय. आई घरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालंय. मी सांगलीहून रोज ये-जा करते, कधी इथंच थांबते. त्यामुळे पत्र लहान. लहान पत्राचा तू मोठा अर्थ काढणार, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तुझी पहिली तीन चित्रं कोरडी आहेत. तू डोंगर रंगवतोस. डोंगर रंगवू नकोस, तुझ्या आणि डोंगराच्या मधलं रंगव. इथला कॉरिडॉर लांब आहे. टोकाला नर्स दिसते तेव्हा तिचे पांढरे कपडे राखाडी असतात, जवळ येतील तशी ती पांढरी होत जाते. दिवसभर मी तेवढंच बघते. त्या मधल्या राखाडीची मला भीती वाटते, कारण तिथून चालत येणारं माणूस काय सांगायला येतंय ते जवळ येईपर्यंत कळत नाही. असलं काहीतरी तुझ्या कागदावर यायला हवं. नुसती निळी पट्टी मारून अंतर होत नाही.

पण काल मागाहून आलेलं चौथं! त्यात कड झाडांपासून सुटलीय. शेंडे आणि कड यांच्यामध्ये एक बारीक फिकट पट्टी आलीय, आणि त्या पट्टीमुळे सगळं चित्र श्वास घ्यायला लागलंय. मी ते आईच्या पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलं. आई म्हणाली, "हे बरं आहे, ह्यात जाता येईल."

काय केलंस? तसंच करत राहा.

संयोगिता

*

जांभळटेप
३० जून

संयोगिता,

काय केलं विचारतेस? काही नाही. तुझा विचार केला आणि ब्रश ठेवला, कड आपोआप वर गेली. हस. पण खरंच मी वेगळं काही केलेलं नाही. तीच बैठक, तीच पेन्सिल. हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठ्यानं माप घ्यायचं आणि कागदावर उतरवायचं. आणि दर दोन दिवसांनी ती पट्टी मोठी होतेय. सर तीन वर्षं बोंबलत होते, "स्पेस, स्पेस!" त्यांना नाही जमलं ते तू एका पत्रात केलंस. तुझं पत्र शर्टाच्या खिशात असतं. शर्ट धुवायला टाकला तर आत्या म्हणाली, "त्यो कागूद तरी काड की रं, का त्योबी धुऊ?"

आईंना सांग, पुढच्या चित्रात दोघींना जाता येईल एवढी जागा करतो.

इथली हवा आता चित्रात घ्यायला अवघड झालीय. दिवसभर ढग अंगणात बसलेले असतात. मधेच तास-दोन तास उघडतं, तेवढ्यात पळत शाळा गाठतो. घरात सगळं फुगलंय. आत्याचं मागचं दार लागत नाही. मामांनी दोनदा रंधा मारला, तरी परत अडकतं. आळीतल्या झऱ्याला चहासारखं पाणी येतंय. शेजारचा गुंडा म्हणतो त्याची म्हस वर चरायला जातच नाही, माथ्यावरच्या सड्याच्या वाटेवर पाय रोवून उभी राहते. "बायकूचं आईकतीया वाटतं," म्हणतो, "तिलाबी वर जायाचं नसतं." लय चावट माणूस आहे, पण मला आवडतो.

एक गंमत. परवा उघडीप झाली आणि बसलो, तर डावीकडून तिसरं झाड पिलेलं! मी ओळंबा धरला तर खोड दोऱ्याला सोडून चाललंय. म्हटलं हातापेक्षा आता डोळाच बिघडला. कागदावर सरळ करून टाकलं.

आणि एक, हे कुणाला सांगू नकोस. त्या दिवशी समोर बघताना उगाच भ्यालो. वारा नव्हता, पाऊस नव्हता, आळीतनं धूर सरळ वर चालला होता. तरी वाटलं, मी डोंगराकडे बघायला मान वर केली की तो नुकताच थांबलेला असतो. मग स्वतःला शिवी हासडली आणि रंग कालवला.

वीर

*

मिरज
७ जुलै

वीर,

आता नऊ चित्रं झाली. आई झोपली होती म्हणून बाकावर ओळीनं मांडली. विश्वजित डबा घेऊन आला होता. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यानं जागा बदलली काय? वर कुठंतरी जाऊन बसलाय हा."

मी नाही म्हणाले. मग मीही बघितलं. वीर, पहिल्या चित्रात कड शेंड्यांना टेकलेली आहे आणि नवव्यात मध्ये बोटाच्या पेराएवढं अंतर आहे. मी पट्टी लावून मोजलं. हवेनं रंग फिकट होतो, माप बदलत नाही. मी तुला हवा म्हणून शाबासकी दिली, पण हे हवेचं काम नाही. बघणारा उंच जागी गेला तरच लांबची कड अशी वर येते.

तू ओसरी सोडून शाळेच्या गच्चीवर बसतोस का? किंवा मला आवडलं म्हणून मुद्दाम पट्टी वाढवतोस का? तसं असेल तर सांगून टाक. मी रागावणार नाही. पण खरं सांग, कारण मला त्या नऊ चित्रांकडे बघून बरं वाटत नाहीये. कशामुळे ते मला अजून नीट सांगता येत नाही.

संयोगिता

*

जांभळटेप
११ जुलै

संयोगिता,

शाळेला गच्ची नाही. पत्रा आहे. त्यावर बसलो तर गुरुजी दगड मारतील.

मी जागा बदलली? खडूची रेघ रोज पावसानं पुसते आणि रोज मी फरशीच्या सांध्यावरनं ती परत मारतो. मी पट्टी वाढवली? तुला खूश करायला? मी सरांना खूश केलं नाही, बापाला केलं नाही, आणि तुझ्यासाठी मापात खोटं करीन? मी तुला काहीही देईन पण खोटं माप देणार नाही, एवढंसुद्धा तुला कळलं नाही. आणि कळलं नाही ते नाही, कळायला त्या विश्वजितचे डोळे लागले. डबा घेऊन आला म्हणे. डब्यात काय होतं गं? माझी चित्रं ही तुझी होती. बाकावर मांडायला दिलेली नव्हती.

उलट मी चूक करतो ती वेगळीच, तीही सांगून टाकतो, म्हणजे दोघं मिळून हसा. आता पाचही झाडं मला तिरकी दिसतात. रोज ओळंबा धरतो, रोज थोडी जास्तच तिरकी. माझ्याच डोळ्यात खोट आहे. सर बरोबर होते. मी मुकाट्यानं कागदावर एकेक सरळ करतो आणि मग तुला पाठवतो.

दोन चित्रं पाठवतोय, शेवटची समज. पुन्हा त्याचं नाव पत्रात आलं तर सगळी चित्रं परत पाठवून दे. मग मी काय समजायचं ते समजेन.

वीरधवल

*

मिरज
१५ जुलै

वीर,

तू जागा बदलली नाहीस. माप खोटं घेतलं नाहीस. माझा पूर्ण विश्वास बसला, आणि म्हणूनच मला घाम फुटलाय.

तुझ्या डोळ्यात खोट नाही. ओळंबा खोटं सांगत नाही. झाडंच तिरकी झालीत, आणि तू ती रोज सरळ करून मला पाठवत होतास. कड वर गेलेली नाही. कड कशी वर जाईल? झाडं खाली आलीत. झाडं खाली आली म्हणजे ज्यात त्यांची मुळं आहेत तो सगळा उतारच खाली आलाय. त्याच्या पायाशी आत्यांचं घर आहे. न लागणारं दार, चहासारखं पाणी, गुंडाची म्हस, हे सगळं तू मला गंमत म्हणून लिहिलंस आणि मीही गंमत म्हणूनच वाचलं. ज्या पट्टीला मी हवा म्हणाले, तेवढा डोंगर उतरलाय वीर.

तुझ्यापाशी एकही चित्र नाही, म्हणून तुला दिसणार नाही. रोज बघणाऱ्याला दिसत नाही. म्हणून अकराच्या अकरा चित्रं ह्या पाकिटात परत पाठवतेय. तारखा मागे आहेत. ओळीनं मांड, पहिलं हातात घे आणि ओसरीत बसून समोर बघ.

आपत्तीच्या नंबरवर फोन केला. त्यांनी गावाचं नाव लिहून घेतलं, म्हणाले, अशा बऱ्याच वाड्या आहेत, बघतो. आईला सोडून मला येता येत नाही. हे मिळाल्या मिळाल्या आळीतल्या सगळ्यांना ओढ्याच्या अलीकडे आण. मग माझ्याशी पाहिजे तेवढं भांड.

संयोगिता

*

(पोस्टकार्ड)
मिरज, २० जुलै

सौ. साळूबाई आत्या यांना,

मी वीरधवलची वर्गातली मैत्रीण संयोगिता. मी पाठवलेलं जाड पाकीट त्यानं रागानं उघडलं नसणार. त्याला ते आजच्या आज उघडायला लावा. तुमच्या घरावरचा डोंगर खाली सरकतोय. त्यानं काढलेल्या चित्रांत ते दिसतंय. हे कार्ड पोस्टमनकाकांनी मोठ्यानं वाचून दाखवावं, आळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. आत्या, माझं वय लहान आहे, पण पाया पडून सांगते, घरात राहू नका.

*

जांभळटेप, शाळा
२६ जुलै

संयोगिता,

पाकीट उघडलं नव्हतं. तू बरोबर ओळखलंस. पाकिटाचा जाडपणा बघूनच कळलं की चित्रं परत आली, म्हणजे मी मागितलेलं उत्तर आलं. गोठ्यात वैरणीवर फेकलं. सहा दिवस ते तिथं पडलं आणि सहा दिवस आत्या त्या डोंगराखाली भाकरी थापत होती. हे वाक्य मी परत वाचलं. परत परत वाचतोय.

ज्योतिबा पोस्टमन ओसरीवर येऊन म्हणाला, "साळूबाई, तुमचं कार्ड हाय, मोट्यानं वाचा म्हनून लिवलंय." आत्या म्हणाली, "मग वाच की बाबा, का गानं म्हनून दावतोस?" ज्योतिबानं देवळात पोथी वाचतात तसा सूर लावला. ‘डोंगर खाली सरकतोय’ला आला आणि सूर तुटला. पुढचं त्यानं जवळजवळ पुटपुटत वाचलं. गुंडा त्याच्या अंगणातनं ओरडला, "आरं, कोन मेलं का?"

आत्या माझ्याकडे बघत म्हणाली, "ही पोरगी कोन ते मागनं बघू. वैरणीवर कुजतंय त्ये काय हाय, आदी आन."

चित्रं भिजली नव्हती. सोप्यात ओळीनं मांडली. मला पट्टी लागली नाही. संयोगिता, मीच काढलेली चित्रं, मीच मोजलेली, आणि मांडल्यावर मी खाली बसलो. पहिल्यात जागाच नाही. अकराव्यात करंगळी मावेल. त्या फटीत मी इतक्या प्रेमानं रंग भरला होता! कोबाल्ट, थोडा पांढरा, कडा ओल्या ठेवून.

मामा मागे उभे होते. पहिलं आणि शेवटचं चित्र उचललं आणि भिजत साकव ओलांडून शाळेत गेले. मी मागे. खडूच्या रेघेत उभे राहिले. "बसून," म्हटलं मी. बसले. हात ताठ केला, अंगठा उभा धरला, एक डोळा मिटला. पलटणीत असंच अंतर काढायचे म्हणे. मग दुसरा डोळा मिटून बघितलं. मग परत पहिला. एवढा वेळ मी त्यांना कशाकडेच बघताना बघितलं नव्हतं. उठले आणि घरी येऊन आत्याला म्हणाले, "साळू, भांडी बांध."

मग आम्ही दोघं वर गेलो. हिरड्यांच्या मागे सड्यावर गवत फाटलंय. लांबच लांब, चंद्रकोरीसारखं. भेग एवढी रुंद की माणूस उभा आत जाईल. मामांनी दगड टाकला. तो आपटल्याचा आवाज मी अजून ऐकतोय, कारण तो आलाच नाही. सड्यावरचं सगळं पाणी त्या भेगेत जात होतं, ओढ्यासारखं, आणि बाहेर कुठं येतंय ते दिसत नव्हतं. मी मामांचा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदा कुणाचा हात धरला असेन.

आळीला सांगितलं. गुंडा म्हणाला, "चित्रात डोंगूर हालला म्हून घर सोडू व्हय? उद्या चित्रात वाघ काडशील, मग काय झाडावर बसू?" हरणाबाई म्हणाली, "लावणी आइन भरात आन ह्यो कालेजातनं हाकल्लेला आमाला उटवतोय." मी म्हणालो, "हाकललेलं नाही, मी सोडलं!" "त्येच रं त्ये," म्हणाली.

एकेकाला ओसरीत बसवलं. पेन्सिल हातात दिली, पहिलं चित्र पुढ्यात. काहींना दिसलं. काही म्हणाले, "एक डोळा मिटल्यावर काय बी हालतंय." तरी मामांच्या शब्दाखातर सगळे अलीकडे आले. दोन दिवस शाळेत राहिले. धूर, चिखल, जनावरं, रडणारी पोरं. डोंगर जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी सकाळी गुंडा वळकटी डोक्यावर घेऊन परत निघाला, मागे हरणाबाई, मागे बाकीचे.

माझं डोकं फिरलं. पळत गेलो, गुंडाच्या आधी त्याच्या घरावर शिडी लावली. कौलं उतरवून फेकणार होतो. छप्परच नसेल तर राहतील कुठं? मामांनी खालून शिडी धरली आणि म्हणाले, "लोकाच्या घरावर चडायच्या आदी आपल्या घरावर चड."

आत्याचं घर आम्ही दोघांनी उघडं केलं. एकेक कौल. पाऊस थेट तिच्या चुलीत पडत होता. ती अंगणात उभी राहून डोक्यावरचा पदर दातात धरून बघत होती. मग गुंडाचं. निम्मं झालं तेव्हा गुंडानं मला पायाला धरून खाली ओढलं आणि चिखलात घालून मारलं. मी हात उचलला नाही. मी! तुलाही खरं वाटणार नाही. मामांनी स्वतःचं घर पावसात उघडं टाकलेलं बघून बाकीच्यांनी पाऊल मागे घेतलं. सगळे शाळेत आहेत. माझ्याशी कुणी बोलत नाही. गुंडाची बायको मी गेलो की पोरांना जवळ ओढते.

आणि डोंगर उभा आहे. पडला नाही तर मी भर पावसाळ्यात दोन घरं मोडली. दिवसभर ओसरीत बसतो. रंगवत नाही, नुसतं बघतो. पडावा असं वाटतं. असं वाटलं की स्वतःची शिसारी येते, आणि मग लगेच परत तेच वाटतं. ओठ फुटलाय, एक डोळा सुजलाय, त्यामुळे मिटायची गरज नाही.

वीर

*

मिरज
३० जुलै

वीर,

तुझं पत्र कॉरिडॉरमध्ये उभ्यानंच वाचलं. तू मोडलेल्या दोन घरांत निम्मा हात माझा आहे. उद्या डोंगर तसाच राहिला तर गुंडाला माझं नाव सांग. कार्ड मी लिहिलं, माप मी लावलं.

मीही तेच मागते जे तू मागतोस, आणि मलाही शिसारी येते. आईला औषध देताना मनात मागते. असं कुणी मागतं का?

एकच सांगते. आत्यांना पलीकडे जाऊ देऊ नकोस. बायका काहीतरी राहिलं म्हणून परत जातात. माझी आई पडली ती गॅस बंद केलाय का ते बघायला परत गेली तेव्हा.

संयोगिता

*

जांभळटेप, शाळा
५ ऑगस्ट

संयोगिता,

तुझं पत्र परवा मिळालं. डोंगर त्याच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर आला.

आत्या पलीकडे गेली होती. देव्हाऱ्यातले टाक आणायला. "उगड्या घरात देव भिजत्यात," म्हणून कुणाला न सांगता. मला वाटलं ती मामांबरोबर आहे, मामांना वाटलं ती माझ्याजवळ आहे. मी ओसरीत होतो. पाऊस थांबला होता, ऊन पडल्यासारखं झालं होतं आणि समोरचं सगळं फार स्वच्छ दिसत होतं. इतकं की मध्ये हवाच नाही. पाचही झाडं हात लांब केला तर लागतील अशी. मला कळेना इतकं जवळ का दिसतंय. आवाज नव्हता. मग बघितलं तर ती खरंच जवळ येत होती. उभीच्या उभी, पानं हलत नव्हती, पाच माणसं चालत यावीत तशी उतार उतरत होती.

मी पळालो. कसा ते आठवत नाही. साकवावर आत्या दिसली, ओच्यात काहीतरी धरून चालत येत होती, सावकाश, पाय घसरेल म्हणून. मी ओरडलो तर ती उभी राहिली! म्हणाली, "काय झालं रं?" मी तिला उचललं. ती भारी बाई आहे. मागे बघितलं नाही. आवाज तेव्हा आला. तो आवाज मला लिहिता येणार नाही. मग वास आला, फोडलेल्या मुळांचा आणि ओल्या लोखंडासारखा, आणि मग साकव आमच्या मागनं गेला.

माणूस एकही गेलं नाही. हरणाबाईची गाय गेली, ती दावं तोडून परत घराकडे पळाली होती. वरल्या आळीत आता काही नाही. म्हणजे चिखलसुद्धा घरांच्या आकाराचा नाही.

मला वाटलं होतं कुणी काही म्हणेल. मामा म्हशीपाशी जाऊन बसले. हरणाबाई समोर बघत एकसारखी हात पुसत होती. लहान पोरंसुद्धा रडली नाहीत. संध्याकाळी तहसीलची गाडी आली, माणसं मोजली, परत मोजली. आकडा पुरा भरला तरी तो साहेब तिसऱ्यांदा मोजत राहिला. मी घाबरून होतो तो अजून घाबरूनच आहे. ढग खाली आला की वाटतं त्याच्या मागून काहीतरी निघालंय. आबांचा निरोप आलाय, ये म्हणून. बघू.

काल गुंडा आला. मारलं त्यानंतर पहिल्यांदाच. शेजारी बसला. बिडी पेटवली, विझली, परत पेटवली. म्हणाला, "ती चित्रं हायती का तुझ्याकडं?" मी अकराही पुढ्यात ठेवली. एकेक हातात घेऊन नाकाशी धरून बघत होता.

"ह्यात माझं घर कंचं?"

मी बोट ठेवलं. तांबडा एक ठिपका. ब्रशचा एक टेक. संयोगिता, दीड महिना मी त्याच्या घराकडे बघत होतो आणि तो एवढाच आहे. अकराही चित्रांत. दार नाही, खिडकी नाही. हवेनं खालचं सगळं विरघळवायचं म्हणून मी मुद्दाम पुसून घेतलं होतं.

"नीट काडून दे की," म्हणाला. "कसं हुतं तसं. पोरांना दावाया."

"काढतो," म्हणालो. पेन्सिल घेतली. कागदावर टेकवली आणि हात तसाच राहिला. त्याच्या छपरावर मी पोटावर झोपलो होतो, कौलं उचलली होती, आणि मला त्याचं दार आठवेना.

"दार कुठल्या बाजूला रं?" विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुझ्या तोंडासमूर की."

"तपकिरी होतं ना?"

"हिरवं हुतं. औंदा लगनाला लावलं, पुतनीच्या. हिरवं." मग त्यानं माझ्या हातातनं पेन्सिल काढून घेतली. अकरावं चित्र उलटं केलं आणि पाठीवर स्वतःच काढायला बसला. आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल धरत असेल, मुठीत धरली होती. जीभ बाहेर काढून, दाबून दाबून. आधी चौकट, मग दोन फळ्या, मग कडी, मग कडीचा कोयंडा. दार एवढं मोठं झालं की घराला कागद उरला नाही.

मी रंगाची पेटी ओढली आणि त्याला हिरवा कालवून दिला. "असा?" विचारलं. "उलीसा काळपट," म्हणाला. मी काळा टाकला. "असा?"

"आजून," म्हणाला.

वीर